सोपानचं कार्ड

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात मी कामाला होतो. एका सकाळी तिथे सोपान नावाच्या मित्राचं हजेरीचं कार्ड मी पंच केलं (घड्याळात घालून वेळ छापून घेतली). चाकणकडची एसटी रखडली की आम्ही एकमेकांसाठी हे सर्रास करायचो. त्या दिवशी मात्र सोपान आलाच नाही, आणि नेमकं त्याच पाळीत कुणीतरी दोन मशिनांच्या वायरी कापल्या. सोपान युनियनच्या गेटसभेत बोलणारा, त्यामुळे संशय त्याच्यावर. तो आत असल्याचा पुरावा म्हणजे ते कार्ड. त्याला काढून टाकलं. मी गप्प राहिलो आणि वर्षभरात कऱ्हाडला निघून गेलो.

अकरा वर्षांनी, या हिवाळ्यात, कांद्याच्या बियाण्यासाठी चाकणला जाणं आलं. पुण्याहून लोकलने निघालो तो पिंपरीलाच उतरलो. उतरण्याचं काही कारण नव्हतं. कॅम्पातल्या सिंधी दुकानात दाल-पकवान (डाळीबरोबर खायची कडक पुरी) खाल्लं. पूर्वी सोपान आणि मी एका प्लेटमध्ये खायचो. एकट्याला ती प्लेट संपली नाही.

पुढे कारखान्याच्या फाटकाशी गेलो. भिंत नवी, उंच. आतून पत्रा कापल्याचा ओळखीचा वास आला. रखवालदार म्हणाला, "काय पाहिजे राव?"

"काही नाही."

"मग बाजूला उभे राहा. बस बाहेर काढायचीय."

नाशिक फाट्यावर एसटी मिळाली. शेजारी सत्तरीची एक बाई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पायांत पुरुषी चपला. मोशीच्या अलीकडे टायर बसला आणि सगळे खाली उतरलो. कंडक्टर तिला म्हणाला, "काय अक्का, आज कुणाच्या दारात ठिय्या?"

"तुज्याच डेपोच्या. ह्यो टायर हाय का चाळण?"

लोक हसले. ती बांधावर बसली, फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. "घ्या पावणं. टायर काय लवकर व्हत न्हाई."

कंपन्यांनी काढलेल्या कामगारांची कागदपत्रं घेऊन ती कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होती. स्वतः शिकलेली नव्हती, पण कुठला कागद कुणाचा हे तिला घडीवरून कळायचं. तिने एक पुडकं वर काढलं. "ही चाकनच्या सोपानची केस. माणूस त्या दिशी घरी, कार्ड कंपनीत! दुसऱ्यानं पंच केलं, एवढीच भानगड."

मी विचारलं, "कुणी केलं, ते तो सांगत नाही?"

"न्हाई ना! शिव्या घातल्या, हात जोडलं. म्हनतो, त्याची पोरगी तवा तान्ही हुती, नाव घेतलं असतं तर त्याचीबी नोकरी गेली असती. म्हनतो, अक्का, त्यो आपल्या पायानं येईल."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला? पुढल्या म्हैन्यात शेवटची तारीख हाय. अकरा वर्सांत जो आला न्हाई, त्यो आता कसला येतोय?" मग माझ्या हाताकडे पाहत म्हणाली, "तुमी कंदी कंपनीत हुता?"

माझ्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर नाही. ते कारखान्यातल्या प्रेस मशिनमध्ये गेलं. "नाही," मी म्हणालो. "हे अडकित्त्यानं झालं."

तिने पुन्हा त्या बोटाकडे पाहिलं. "जपून कातरावी सुपारी," एवढंच म्हणाली आणि उरलेली भाकरीही मला दिली.

चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग लागले होते, वाऱ्यावर टरफलं उडत होती. अक्काने बोट दाखवलं. "त्यो बगा सोपान. पोती शिवतोय."

पाठमोरा होता. केस पिकलेले. दाभण ओढताना डावा खांदा वर उचलायची त्याची सवय मात्र तीच.

"चला, च्या घेऊ त्याच्यासंगं."

"माझी गाडी चुकेल."

"गाडी साडेपाचला हाय," ती म्हणाली. तेव्हा तीनसुद्धा वाजले नव्हते. तिने आग्रह केला नाही. पिशवी सावरत ती ढिगांमधून त्याच्याकडे चालत गेली. मी बी घेतलं आणि बाजाराच्या भिंतीपलीकडे साडेपाचपर्यंत उभा राहिलो. आतून सोपानचं हसणं एकदा ऐकू आलं.

घरी पोहोचलो तेव्हा माझी तेव्हाची तान्ही पोरगी सहावीचं पुस्तक घेऊन बसली होती. "बाबा, काय बघितलं तिकडे?" तिने विचारलं. मी बियाण्याची पिशवी तिच्या हातात दिली.

हे लिहितो आहे तेव्हा तारखेला नऊ दिवस उरलेत. त्या सकाळी सोपान कामावर नव्हता. त्याचं कार्ड मी पंच केलं. कागदावर हे उतरवायला मला अकरा वर्षं लागली, आणि कागदाने भागणार नाही हेही मला ठाऊक आहे. कोर्टात उभं राहून, सोपानच्या देखत, हीच दोन वाक्यं मोठ्याने बोलणं, एवढं मी त्याचं अजून देणं लागतो.