बादलीत बुडवलेली बॅटरी

स्वस्त बॅटरीचा दर्जा कसा तपासावा, याची शास्त्रशुद्ध पद्धत मला ठाऊक आहे. ती मी कुणाला शिकवत नाही, कारण तिचा पहिला प्रयोग आमच्याच घरावर झाला.

तो दुष्काळातला उन्हाळा होता. शहर आमच्या वसाहतीपर्यंत येऊन पोहोचलं होतं. नळ मात्र वाटेतच कुठंतरी थांबला होता. दर गुरुवारी टँकर अंगणातल्या हौदात पाणी ओतून जाई आणि शनिवारी हौद कोरडा! आत कुठंतरी भेग होती. मग उरलेला आठवडा शेजारच्या वहिनींकडे हंडा घेऊन जाण्याचं काम माझी पत्नी सुनंदा करी. (मी स्वभावानं संकोची. तिला संकोच करायला सवड नव्हती.)

"बुधवारी गवंडी येतोय," ती म्हणाली. "भेग शोधायला मोठ्या झोताची चार्जिंगची बॅटरी आणा. एवढं एकच काम करा!"

शहागंजातल्या दुकानदारानं भर दुपारी बारा वाजता समोरच्या मनोऱ्यावर झोत टाकला.

"साब, दो किलोमीटर फेकती! दिखा क्या?"

त्या उन्हात मला मनोरादेखील धड दिसत नव्हता. "दिखा," मी म्हणालो आणि पैसे दिले.

घरी येईपर्यंत स्वतःच्या भिडस्तपणाची इतकी लाज वाटली, की बॅटरीची रीतसर परीक्षा घ्यायचं ठरवलं. खोक्यावर दोन दावे होते : पाण्यात बिघडत नाही, दहा तास चालते. दोन्ही एकदमच तपासले तर वेळ वाचेल! मंगळवारी संध्याकाळी पेटती बॅटरी मी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली. (घरात पाण्याची बादली तेवढी एकच उरली होती, हा तपशील तेव्हा गौण वाटला.)

सकाळी बॅटरी दिमाखात जळत होती! पाण्याला मात्र रबराचा वास येत होता. ते मी उदार मनानं लिंबाच्या झाडाला घातलं.

दहा वाजता गवंडी आला आणि बॅटरी विझली.

"सर, बॅटरी?"

"संपली. पण चौदा तास चालली!"

"मंग लावा की चार्जिंगला."

"लाइट संध्याकाळी येईल."

गवंड्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. "ताई, आरसा हाय का घरात? धरा असा, ऊन आत पाडा." तो हौदात उतरला आणि दोन मिनिटांत आतून ओरडला, "घावली! लई मोठी नाय. अर्धी बादली पाणी द्या, सिमेंट कालवतो!"

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी लिंबाच्या झाडाकडं पाहिलं.

ती हंडा घेऊन शेजारी गेली आणि रिकामाच घेऊन आली. "वहिनी म्हणाल्या, आज त्यांनाच नाही. आणि म्हणाल्या, रोज रोज कसं द्यायचं?"

गवंड्यानं थापी पिशवीत टाकली. "नव्या बिल्डिंगीवर मुकादम वाट बघतोय, सर. आता आठ दिवस तरी जमत नाय."

गुरुवारी टँकर आला. शुक्रवारी हौदाचं झाकण उघडून मी पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीचा झोत आत टाकला. पाणी निम्म्यावर आलं होतं आणि संथपणे कोपऱ्यातल्या भेगेकडं सरकत होतं.

"काही दिसतंय का?" सुनंदानं विचारलं.

खोटं बोलायची मुळीच गरज पडली नाही. बॅटरी अव्वल दर्जाची होती. आमचं पाणी जाताना थेंबन् थेंब दिसत होता!