चार हात लांबचे अण्णा

तोंडाची निगा राखण्याची स्पर्धा कोणी भरवली असती, तर माझ्या आत्याचे धाकटे दीर हुबळी-धारवाडच काय, साऱ्या मुलखातून पहिले आले असते. आणि बक्षीस घ्यायची वेळ आली की देणाऱ्यापासून चार हात लांब उभे राहून 'तिथंच ठेवा, मग घेतो' असं त्यांनी खुणेनं सांगितलं असतं. इतकं घासलेलं, खळखळून धुतलेलं, लवंग-वेलदोड्यांनी भरलेलं तोंड मी दुसरं पाहिलं नाही, आणि इतकं कमी वापरलेलंही पाहिलं नाही. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. लग्न केलेलं नव्हतं. देशपांडे नगरात एका घराच्या मागच्या खोलीत एकटेच राहायचे, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, आणि आपल्या तोंडाला वास येतो ही त्यांची पक्की समजूत होती.

येत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच नाकाला रुमाल लावून पुढचं वाचाल. मी त्यांच्या जितक्या जवळ जाऊ शकलो तितक्या अंतरावरून मला फक्त लवंगेचा वास आला.

त्यांची सकाळ म्हणजे एक सोहळाच असायचा. आधी कडुनिंबाची काडी, मग दंतमंजन, मग 'कशाला उगाच शंका ठेवा' म्हणून टूथपेस्ट. त्यानंतर तांब्याच्या पट्टीनं जीभ खरवडायची, तीही पार घशापर्यंत, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं की माणूस आता उलटा होतोय. मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि शेवटी तुरटीच्या. घरमालकीण अक्का म्हणायच्या, "त्यांच्या गुळण्या सुरू झाल्या की मी चहा ठेवते बघा. घड्याळ कशाला पाहिजे?" कांदा, लसूण, मुळा ही नावंसुद्धा अण्णा घेत नसत. संध्याकाळी गाड्यावर गिरमिट, म्हणजे आमच्याकडची भेळ, खायला आम्ही जायचो, तर हे चुरमुऱ्यांत कांदा घालू देईनात. गाडीवाला बिचारा दर वेळी दुखावला जायचा. "उळ्ळागड्डी इल्लद गिरमिट, अदेन गिरमिट री?" कांद्याशिवाय गिरमिट, ते काय गिरमिट झालं? अण्णा मान हलवून त्याचं म्हणणं कबूल करायचे आणि रुमालाआडून ते कोरडं गिरमिट खायचे.

रस्त्यात भेटले तर पहिल्यांदा वारा बघायचे. वारा समोरच्या माणसाकडून स्वतःकडे वाहत असेल अशा बेतानं उभं राहायचं, हा त्यांचा नियम. आता धारवाडचा वारा काही सरळमार्गी नाही. तो फिरला की अण्णाही फिरायचे, आणि समोरच्याशी तोंड करून बोलायची मला वाईट खोड असल्यामुळे मीही फिरायचो. भर बाजारात आम्ही दोघं बाप्ये फुगडीला जागा शोधत असल्यासारखे गोल गोल फिरत राहायचो, आणि बोलणं काय, तर "बरं आहे?" "बरं आहे." कुठंतरी त्यांनी वाचलं होतं की स्वतःचा श्वास स्वतःला कळत नाही, म्हणून मनगट चाटावं, वाळू द्यावं आणि हुंगावं. ते सिटी बसमध्येही चालायचं. एकदा एका कंडक्टरला वाटलं यांना हाताला लागलंय. त्यानं आपुलकीनं विचारलं, तर अण्णा उत्तर द्यायला लागू नये म्हणून पुढच्याच स्टॉपवर उतरले आणि उरलेली वाट चालत गेले.

ही सगळी गंमत मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलोय, आणि लोक हसतात. पण माझी मुलगी झाली तेव्हा अण्णा तिला बघायला आले, त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि सगळा वेळ मान खिडकीकडे वळवून बसले. ती त्यांचा कान ओढत होती, आणि हे बाहेरच्या नारळाकडे बघत होते. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

मात्र नवनगरच्या आमच्या घरी फोन बसला आणि मला वेगळेच अण्णा भेटले. रस्त्यावर दोन शब्दांवर भागवणारा हा माणूस फोनवर तासभर बोलायचा. आवाज भरदार आणि स्वच्छ, ऐकत राहावासा. ट्रंककॉल जोडताना कानावर पडलेल्या भांडणांच्या नकला करायचे, रेडिओवर ऐकलेली एखादी चीज गुणगुणून दाखवायचे, मुलीला फोनवरून चिमणीचा आवाज काढून हसवायचे. त्यांचं स्वतःचं हसणंही मी पहिल्यांदा फोनवरच ऐकलं. "हे यंत्र फार चांगलं बघ," ते एकदा म्हणाले, "आवाज तेवढा जातो, बाकीचं इथंच राहतं."

एकदा मी त्यांना जवळजवळ ओढूनच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं. दात चांगले, हिरड्या चांगल्या, वास काही नाही. उलट इतकी जीभ खरवडू नका, सालटं निघालीत, म्हणून रागावल्या. त्यांनी समजावून सांगितलं, की वास बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागातून नाहीतर हिरड्यांतून येतो, आणि तोंड कोरडं पडलं की जास्त. दिवसभर उपाशी राहिलं, गप्प राहिलं की लाळ कमी होते. "पाणी प्या, वेळेवर जेवा आणि माणसांशी बोला," असं त्या म्हणाल्या. माणसांशी बोलायचं औषध लिहून देणारी डॉक्टर मी आयुष्यात एकच पाहिली, पण त्या औषधाचा अण्णांवर काही परिणाम झाला नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "त्या सभ्य आहेत रे. त्यातून तोंडाला मास्क लावलाय, त्यांना काय कळणार?"

"मग तुम्हाला कुणी सांगितलं, वास येतो म्हणून?"

मग त्यांनी सांगितलं. पंचविशीत असताना ते कमरीपेठेत मुलगी बघायला गेले होते. मुलगी मनात भरली. त्यांनी जरा पुढं वाकून "शिक्षण कुठवर झालंय?" एवढंच विचारलं. तिनं उत्तर दिलं, आत गेली, आणि पडद्याआडून हळू आवाजात तिचं बोलणं ऐकू आलं, 'बायी वास यायलाय.'

आता आमच्याकडं मराठी घरातही निम्मं कानडी असतं. बायी म्हणजे तोंड. अण्णांची आई जेवणं झाली की 'बायी धुवा रे' म्हणायची, तसलं आमचं मराठी.

"मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलली बघ. खोटं कशाला बोलेल?" अण्णा म्हणाले. "त्यातून सर्दीनं माझं नाक बंद होतं त्या दिवशी. सर्दीत तर जास्तच येत असणार. तिला नकार द्यायचा त्रास नको, म्हणून मीच नको म्हणून कळवलं." नंतर त्यांनी दुसरी मुलगी कधी बघितली नाही.

यानंतर बरीच वर्षं गेली. अण्णा रिटायर झाले, गावात सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, आणि अण्णांनी जुना फोन तेवढा सोडला नाही. अशात माझ्या ऑफिसातल्या एका मित्रानं नातवाच्या बारशाला कमरीपेठेतल्या घरी बोलावलं. गदगहून त्याची बहीण आली होती, केस पिकलेली, हसतमुख. मला दारात बघून तिनं आत हाक मारली, "बाई, पाहुणे आलेत गं!" आतून त्यांची थकलेली आई बाहेर आली. त्या घरात आईला बाई म्हणायचे.

चहाला दूध ठेवायला बहीण उठली, तर मित्र म्हणाला, "अक्का, लक्ष ठेव. नाहीतर टेलिफोनवाल्यासारखे हेपण पळून जातील." मी विचारलं, काय भानगड आहे? तर हिला बघायला टेलिफोन खात्यातला एक मुलगा आला होता. त्याला बघण्याच्या नादात ही चुलीवर दूध विसरली, ते करपलं, आणि पुढं त्या लोकांचा नकार आला.

"मी बाईला म्हटलं, बाई, वास यायलाय," ती हसत म्हणाली, "तवर सगळा घोटाळा झालेला. करपलेल्या वासानंच स्थळ गेलं असं बाई अजून म्हणते." मग स्वयंपाकघराकडे जाता जाता थांबून म्हणाली, "आवाज मात्र फार चांगला होता त्यांचा."

पुढचे काही दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. सांगावं तर सगळं आयुष्य एका अक्षरावर गेलं असं सांगितल्यासारखं होतं. न सांगावं तर तो माणूस अजून वारा बघून उभा राहत होता. शेवटी मी फोन करून सगळं सांगितलं, कारण अण्णा जवळ येऊन ऐकायचे ते फोनवरच.

"बायी न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा. बाई. आईला हाक मारत होती. दूध करपलं होतं."

"होय काय," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अण्णा नवनगरला आले आणि पलंगावर माझ्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लागेल असे बसले. तोंडात लवंग नव्हती. बायकोनं पोहे दिले, ते त्यांनी कांद्यासकट खाल्ले. मग माझ्याकडे वळून बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. समोरच्या माणसाकडे बघत कसं बोलतात, मधेच कुठं थांबतात, नजर कुठं ठेवतात, हे त्यांना येतच नव्हतं. आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. मुलगी कॉलेजातून आली, तिच्या डोक्यावर हात ठेवून, तिच्या तोंडाकडे नीट बघून ते "येतो" म्हणाले.

घरी पोचल्या पोचल्या त्यांचा फोन आला.

"मघाशी विचारायचं राहिलं. दूध सगळंच करपलं होतं काय रे त्यांचं?"

मला काय माहीत? "नाही अण्णा, थोडं उरलं होतं," मी म्हणालो.

"बरं झालं." मग हळूच, "आणखी काय म्हणाली?"

"तुमचा आवाज फार चांगला होता म्हणाली."

फोनवर तासन्तास बोलणारे अण्णा त्यानंतर एक शब्दही बोलले नाहीत. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही, म्हणून मीही ठेवला नाही.