इंडियनचा छोटा आय

मी देवासच्या एका खासगी शाळेत संस्कृत शिकवते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतली फ्रेंचची शिक्षिका लग्न होऊन पुण्याला गेली आणि प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. कॉलेजात असताना इंदूरला संध्याकाळी जाऊन मी फ्रेंचचा एक कोर्स केला होता. नोकरीच्या अर्जात ते लिहिल्याचं मी विसरूनही गेले होते, पण प्राचार्यबाई विसरल्या नव्हत्या.

"मार्च तक सँभाल लीजिए, मैडम. बच्चे आठवीं के ही तो हैं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. रात्रीची भांडी आवरली की पुस्तक उघडून उद्याचा धडा आज शिकायचा, असं माझं सुरू झालं. तिसरा धडा राष्ट्रीयत्वाचा होता. मी भारतीय आहे, तो फ्रेंच आहे, ती जपानी आहे, अशी वाक्यं. इंग्रजीत हे फार सोपं. मुलगा असो की मुलगी, आय ॲम इंडियन, आणि इंडियनचा आय नेहमी कॅपिटल. फ्रेंचमध्ये मुलगा म्हणतो 'ज स्वि अँदियँ' आणि मुलगी म्हणते 'ज स्वि अँदियेन'. लिहिताना मुलीच्या शब्दाला शेवटी आणखी एक एन आणि एक ई लागतो. आणि असं स्वतःविषयी सांगताना तो शब्द छोट्या अक्षरानं सुरू होतो. देशाचं नाव मोठ्या अक्षरानं, पण 'मी भारतीय आहे' यातलं भारतीय हे विशेषण, म्हणून छोट्या.

मुलांना स्त्रीलिंगाचं काही वाटलं नाही. मैं देवास का, मैं देवास की, असं ती रोजच बोलतात. छोट्या अक्षराचं मात्र त्यांना नवल वाटलं. मी फळ्यावर दोन-तीनदा लिहून दाखवलं, वह्या तपासल्या, पुढच्या आठवड्यात चाचणी घेतली आणि शुक्रवारी पेपर वाटले.

एका मुलीनं मोठ्या आयनं अँदियँ लिहिलं होतं. हुशार मुलगी, पहिल्या बाकावर बसणारी. दोन्ही चुका एकाच शब्दात. मी आयवर गोल केला, बाजूला छोटा आय लिहिला, शेवटी राहिलेली अक्षरं जोडली आणि एक मार्क कापला.

शनिवारी अर्धी शाळा असते. दुसऱ्या तासाला प्राचार्यांनी निरोप पाठवला. मी गेले तर त्यांनी स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे धरला. त्या मुलीच्या वडिलांनी पेपरचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'बच्ची ने इंडियन बड़े अक्षर से लिखा तो नंबर काट लिया. मैडम कहती हैं छोटा लिखो. ऊपर से स्पेलिंग भी बिगाड़ दी. क्या हमारा देश छोटा है?' त्याखाली हात जोडलेली, संतापलेली चिन्हं आणि कितीतरी उत्तरं होती.

"फ्रेंचचा नियमच तसा आहे," मी हिंदीत सांगितलं. पुस्तक आणून दाखवलं.

त्यांनी पुस्तकाकडे बघितलं नाही. "मैं मानती हूँ, मैडम. पर आजकल का आपको पता है. एक नंबर दे दीजिए, बात खत्म."

मी विचार करते म्हणाले. खरं सांगायचं तर तिथंच हो म्हणणार होते. फक्त, मार्क दिला तर बाकीच्या मुलांच्या पेपरातलाही मोठा आय बरोबर धरावा लागेल, आणि मग बरोबर लिहिलेल्यांचं काय, हे मनात आलं आणि शब्द तोंडातच राहिला.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे आपोआप थंड होईल." पण संध्याकाळपर्यंत तो फोटो त्याच्याही ऑफिसच्या ग्रुपवर येऊन पोचला. आता वर नवीन ओळ होती, 'देश छोटा, फ्रांस बड़ा?' आणि सोमवारी सकाळी शाळेच्या गेटवर जमून ज्ञापन, म्हणजे लेखी निवेदन द्यायचं, असं आवाहन. माझं नाव कुणी लिहिलं नव्हतं. पण देवास केवढं. देवीच्या टेकडीच्या खाली दोन गल्ल्या सोडल्या की सगळे सगळ्यांना ओळखतात. रात्री नवराही जागाच होता, हे मला त्याच्या कूस बदलण्यावरून कळत होतं.

रविवारी मी धारला नानांना भेटायला जाते, एक रविवार सोडून एक. माझे वडील भावाजवळ राहतात, ऐंशीच्या पुढे गेलेत, कानानं कमी ऐकतात. न जाण्याचं कारण सांगण्यापेक्षा जाणं सोपं होतं. इंदूरला बस बदलली, खिडकीशी बसले आणि फोन पर्समध्ये टाकला. तो आतल्या आत थरथरत राहिला.

वहिनीनं दार उघडलं आणि माझा चेहरा बघून विचारलं, "काय झालं, वन्सं?" मग सगळं सांगावंच लागलं. नाना पलंगावर बसून ऐकत होते. मी बोलण्याच्या भरात हिंदीतल्यासारखं 'छोटी आई' म्हणाले.

"कुणाची आई?" नानांनी विचारलं.

"आई नाही, नाना. आय. इंग्रजी अक्षर."

"मग त्याला धाकटं कशाला म्हणतेस?" ते म्हणाले. मला या दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. वहिनीनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सगळं समजावलं. ते ऐकून नाना म्हणाले, "तू शिकवलंस ते बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग ते सांग. ओरडून नको सांगू."

जेवणं झाली आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. मी न उचलताच ठेवला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा वहिनी म्हणाली, "उचला, नाहीतर दिवसभर जीव टांगलेला राहील."

"मैडम, मैं उस बच्ची का पापा," पलीकडचा आवाज म्हणाला. "आपसे मिलना था. आज ही. घर पे हैं?"

मी धारला आहे, असं सांगितलं. वाटलं, सुटले. पण तो म्हणाला, "मैं पीथमपुर में हूँ, ड्यूटी पे. दो-ढाई बजे छूटूँगा. आप पता दे दो, मैं आ जाता हूँ."

पत्ता का दिला, मला आजही सांगता येत नाही. कदाचित भाऊ घरात होता म्हणून. कदाचित त्या आवाजात राग नव्हता म्हणून. पण फोन ठेवल्यावर मात्र मी दर थोड्या वेळानं खिडकीशी जात होते. भाऊ म्हणाला, "एकटा आला तर आत घेऊ. चारजण घेऊन आला तर मी बाहेरच बोलतो." त्यानं उगाचच चांगला शर्ट घातला.

तो एकटा आला. मोटरसायकल, अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, केस हेल्मेटनं चपटे झालेले. चाळिशीचा माणूस, रस्त्याच्या धुळीनं डोळे लाल. दारात चपला काढताना त्यानं आतल्या देवघराकडे बघितलं, वहिनी माझ्याशी बोलत होती ते ऐकलं आणि म्हणाला, "तुम्ही मराठी आहात का?"

"हो."

"मला माहीतच नव्हतं. शाळेत सगळं हिंदीच," तो म्हणाला आणि बसला. वहिनीनं पाणी दिलं. ते त्यानं एका दमात प्यायलं.

नानांना पाहुणा आला की एकच प्रश्न पहिल्यांदा सुचतो. "आपण मूळचे कुठले?"

"मी जळगावचा. कंपनीमुळं इकडं आलो. पंधरा-सोळा वर्षं झाली."

"आम्ही साताऱ्याकडचे," नाना म्हणाले. "इथल्या राजांच्या दरबाराबरोबर आलो. म्हणजे आमचे खापरपणजोबा वगैरे. आता इथलेच."

पाहुण्यानं मान डोलावली. त्यानं फोन काढून हातात नुसता धरून ठेवला.

"मॅडम, मी चुकीचं केलं का, ते विचारायला आलोय," तो म्हणाला. "शुक्रवारी डबल ड्यूटी करून घरी गेलो होतो. पोरीचा पेपर बघितला. इंडियनवर लाल गोल. डोकंच फिरलं. टाकून दिलं ग्रुपवर आणि झोपलो. सकाळी उठलो तर लोक मला शाबास म्हणतायत. मग कुणीकुणी फोन करायला लागलं. सोमवारी तुम्हीच पुढं उभं राहायचं, म्हणे. मी ओळखतही नाही त्यांना."

"मुलगी काय म्हणते?"

"ती बोलतच नाही. काल तिच्या आईला म्हणाली, मॅमने पढ़ाया था, मैं भूल गई थी, अब मैं स्कूल कैसे जाऊँ." तो पुढे म्हणाला, "मला हे थांबवायचंय. पण मलाच नीट कळलं नाही, तर लोकांना काय सांगू? इंडियन छोटं का?"

दोन दिवस मी मनातल्या मनात या माणसाशी भांडले होते. आता तो समोर बसला होता आणि माझ्याइतकाच घाबरलेला होता.

मी त्याला सांगितलं. इंग्रजीचा नियम वेगळा, फ्रेंचचा वेगळा. फ्रेंचमध्ये देशाचं नाव मोठ्या अक्षरानं, एखाद्या माणसाला 'एक भारतीय' असं नाम म्हणून म्हटलं तर तेही मोठ्या अक्षरानं. पण मी भारतीय आहे, ती जपानी आहे, असं म्हटलं की छोटं. "आणि फ्रेंच लोक स्वतःलाही छोटंच लिहितात," मी म्हणाले. "मी फ्रेंच आहे, यातलं फ्रेंच छोट्या एफनं."

तो पुढे सरकला. "स्वतःलाही?"

"स्वतःलाही."

"हे कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "आणि स्पेलिंग का बदललं?"

"तुम्ही मघाशी नानांना काय सांगितलंत? मी जळगावचा. तुमची मुलगी काय म्हणेल?"

"जळगावची," तो म्हणाला आणि लगेच मान हलवली. "नाही, ती देवासची. तिथंच जन्मली. जळगावला दोन दिवसांत कंटाळते."

"देवासची. चा नाही. फ्रेंचमध्ये भारतीयलाही तसंच चा-ची लागतं. ती मुलगी आहे, म्हणून शेवटी दोन अक्षरं जास्त."

तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातून हवा सोडल्यासारखं. वहिनी चहा आणि शेव-परमल, म्हणजे शेव-चुरमुरे, घेऊन आली, आणि आम्ही मेसेज लिहायला बसलो. मी सांगत होते, तो टाइप करत होता. माझी वाक्यं त्याला फार शुद्ध वाटत होती. "असं मी बोलत नाही, मॅडम, लोकांना कळेल दुसऱ्यानं लिहून दिलं." शेवटी त्यानं स्वतःच्या भाषेत लिहिलं. 'शुक्रवार को जो फोटो डाला, उसमें मेरी जानकारी कम थी. फ्रेंच में सबके लिए छोटा अक्षर ही लगता है, फ्रांस वाले खुद को भी छोटा लिखते हैं. मैडम ने सही पढ़ाया है. फोटो आगे मत भेजो. सोमवार को कोई मत आना, मैं भी नहीं आ रहा.'

"गलती हो गई, असंही लिहू?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला वाटत असेल तर."

त्यानं लिहिलं आणि पाठवलं. तो, मी आणि वहिनी त्या छोट्या पडद्याकडे बघत बसलो. बराच वेळ काही येईना. मग एक अंगठा आला. मग कुणीतरी लिहिलं, 'पर इंग्लिश में तो बड़ा ही होता है.' त्यानं मला काही विचारलं नाही, आपणच इकडच्या थाटात उत्तर दिलं, 'वो इंग्लिश है भिया.' मग आणखी दोन-चार अंगठे. आणि मग एका मुलाच्या आईनं विचारलं, सोमवारी नकाशाची वही न्यायची आहे का. तिला तीनजणांनी लगोलग उत्तर दिलं.

मग तो उठून अंगणात गेला. ज्ञापनवाल्याला फोन करायचा होता. दारातून त्याच्या फेऱ्या दिसत होत्या, तुटक शब्द ऐकू येत होते. "नहीं भिया... किसी ने नहीं दबाया... मैडम के घर ही बैठा हूँ, चाय पी रहा हूँ... बच्ची मेरी है न, मैं बोल रहा हूँ न." आत आला तेव्हा कपाळावर घाम होता. "म्हणाला, ठीक है, तुम ही नहीं आ रहे तो हम क्या करेंगे."

भावानं चांगल्या शर्टाची वरची दोन बटणं सोडली. नाना एवढा वेळ आमच्याकडे बघत होते. त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे. त्यांनी शेवेची ताटली पाहुण्याकडे सरकवली आणि जळगावात आता केळी कशी आहेत ते विचारलं. तो केळ्यांवर पुष्कळ बोलला. निघताना वाकून नानांना नमस्कार केला.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी बसल्या बसल्या झोपले. इंदूरला कंडक्टरनं उठवलं. देवासच्या स्टँडवर नवरा स्कूटर घेऊन उभा होता. "काय झालं?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "घरी चल, भूक लागलीय." रात्री खिचडी खाता खाता सगळं सांगितलं. तो परत परत विचारत होता, नक्की कोणी येणार नाही ना. मी नक्की म्हणत होते, पण सकाळी रिक्षा शाळेच्या वळणावर आली तेव्हा मीही वाकून गेटकडे बघत होते. गेटवर रोजच्यासारख्या रिक्षा, व्हॅन, मुलांच्या पाठीवरची दप्तरं सरळ करणाऱ्या आया. आणखी कुणी नव्हतं.

प्राचार्यांनी बोलावून फक्त एवढंच विचारलं, "नंबर देना पड़ा?"

"नहीं, मैडम."

"अच्छा है," त्या म्हणाल्या आणि समोरच्या कागदांवर सह्या करायला लागल्या. मलाही त्याहून जास्त काही नको होतं.

वर्गात ती मुलगी खाली मान घालून बसली होती. मी तिच्याकडे मुद्दाम बघितलं नाही, लगेच धडा काढला. त्या दिवशी घरातल्या वस्तू होत्या. खुर्ची, टेबल, खिडकी. ओळीनं एकेकाला उभं करून वाचून घेतलं. तिची पाळी आली तेव्हा ती उठली, खिडकीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते अगदी नीट म्हणाली आणि खाली बसली. मग मागच्या मुलानं दाराचा उच्चार असा काही केला की सगळा वर्ग हसला. त्यात तीही होती.