इकुझोवर सुटणारी गाडी

अहमदपूरहून नांदेडला जाताना मला रोज तीच कंडक्टर बाई भेटते. तिकिटाचं मशीन पोटाशी धरून गर्दीत सरळ घुसते.

एकदा स्टँडवरच बेलची दोरी तुटली. डबल बेलशिवाय ड्रायव्हर काही गाडी काढत नाही. बाई "चला" म्हणून ओरडली, तरी तो ढिम्म!

"चला तर समदेच म्हणून राहिले," ती वैतागली. "त्यातलं माझं कोणतं, त्याला कसं कळावं?"

मागं कॉलेजच्या पोरी रील बघून खिदळत होत्या. जपानी अ‍ॅनिमेतला एक शब्द मीम होऊन त्यांच्या तोंडी बसला होता: इकुझो, म्हणजे चला निघू. बाईनं तोच उचलला आणि बेलसारखा दोनदा ठोकला, "इकुझो! इकुझो!"

"हाव, हे तुमचंच!" म्हणत ड्रायव्हरनं गाडी काढली.

पोरींनी व्हिडिओ टाकला. आठवडाभरात नांदेडच्या स्टँडवर हमालही इकुझो ओरडू लागले!

काल नवी दोरी बसली. बाईनं ती ऐटीत दोनदा ओढली. गाडी हलेना. ड्रायव्हर मागं वळून नुसता हसत होता.

पन्नाशीचा मी, मांडीवर डबा. पण अख्ख्या गाडीच्या आधी मीच ओरडलो.