गेरूच्या रेघा

मी नगरपालिकेत नुकताच लागलो होतो. घरातला पहिला पदवीधर, नोकरी मिळाल्याचे उपकार मानणारा. कृष्णेच्या घाटाची भिंत चुन्यानं रंगवून घ्या, असा साहेबांचा हुकूम आला. भिंतीपुढच्या पडीक जागेत प्लॉट विकायचे होते.

त्या भिंतीला टेकून एक बाई रोज भाजी विकायची. नाव मी कधी विचारलं नाही. महापूर ओसरला, की पाण्याच्या खुणेवर ती गेरूची रेघ ओढायची. साल लिहायची नाही; पुरानं जे नेलं, त्याची रेघ. ही म्हशीची, ही शाळेच्या पत्र्याची, सगळ्यांत वरची तिच्या जावेची.

रंगारी आले तरी ती उठेना.

"मावशी, वरून हुकूम आहे."

"शिकलेला हायस न्हवं? मग सांग, रेघ पुसली म्हंजी पाणी यायचं न्हाई व्हय रं? हितं घरं बांधनाऱ्यास्नी कोन सांगनार?"

भिंत पांढरी झाली आणि काम झाल्याच्या कागदावर मी सही केली.

दुसऱ्या दिवशी ती टोपली पालथी घालून तिच्यावर उभी होती. हातात गेरू, पण वाकल्या पाठीमुळं सगळ्यांत वरच्या रेघेपर्यंत आता हात पुरत नव्हता. मला साहेबांचा राग आला, त्याहून जास्त माझ्या सहीचा. तिला उतरवून मीच टोपलीवर चढलो.

"इथं?"

"आजून वर," ती खेकसली. "माजी जाऊ तुज्याएवढी उंच व्हती. तरी बुडाली."