हेडसेटवरचा माझा आवाज

२००८ साली आम्ही ब्रिटनमध्ये, कार्डिफला राहत होतो. मी सॉफ्टवेअरमध्ये होतो, बायको एका हॉस्पिटलात अपॉइंटमेंटचे फोन घ्यायची. शनिवारी दुपारी ती स्वयंपाकाला लागली की मी टीव्हीसमोर बसून ऑनलाइन युद्धाचा गेम खेळायचो. हातात बंदूक, समोर पडकं शहर, कानाला हेडसेट. टीममधले चार-पाच इंग्रज कुठूनकुठून जोडलेले असायचे. त्यांच्याशी बोलताना मी आवाज बदलायचो, त्यांच्यासारखं 'मेट' म्हणायचो, शब्दातला 'ट' गिळायचो. मी पुण्याचा आहे हे कुणाला कळू दिलं नव्हतं.

एका शनिवारी टीममध्ये नवा माणूस आला. "बिहाइंड द व्हॅन, प्लीज बी केअरफुल," तो शांतपणे म्हणाला. उच्चार थेट आपल्याकडचे. बाकीचे हसायला लागले, त्याच्यासारखं बोलून दाखवायला लागले. तो खेळत राहिला. मी जखमी होऊन पडलो तेव्हा गोळीबारातून धावत येऊन त्यानेच मला उठवलं. तेवढ्यात कुणीतरी मला म्हणालं, आता तू त्याची नक्कल करून दाखव. मी करून दाखवलं. सगळ्यांत हुबेहूब माझंच जमलं, कारण हेडसेट काढला की माझं इंग्रजीही तसंच असायचं. सगळे खदखदून हसले. तो गेममधून निघून गेला.

मागे वळलो तर बायको दारात उभी, हात कणकेने भरलेले.

"कुणाची नक्कल करत होतास?"

मी म्हणालो, अगं, नुसती गंमत चालली होती.

"मी फोन ठेवला की माझीही अशीच करत असतील," एवढंच म्हणून ती आत गेली.

महिन्यापूर्वीच एका पेशंटने तिला, इंग्लिश बोलणारं कुणी द्या, असं सुनावलं होतं. ती रडली होती आणि मी त्या पेशंटला तिच्यासमोर बराच वेळ शिव्या घातल्या होत्या.

नुकत्याच खेळलेल्या लोकांच्या यादीत त्या माणसाचं नाव अजून दिसत होतं. मी त्याला मेसेजमध्ये 'सॉरी' लिहिलं. पुढे, मीही तिकडचाच, हे लिहायला मन धजेना. तसं लिहिलं तर तो मला काय समजेल, याचीच भीती जास्त होती. मग 'सॉरी'ही पुसून टाकलं.

जेवताना बायकोने विचारलं, त्याची माफी मागितलीस का? मी हो म्हणालो. तिने खरं मानलं आणि माझ्या ताटात गरम पोळी वाढली.