दगडावरचे लाल नाव

११ नोव्हेंबर २०१९ रोजी पाथरवट ओगुशीचे बिल माझ्या टेबलावर आले. अडतीस हजार पाचशे येन, कर धरून. कामाच्या रकान्यात लिहिले होते : उराकावा घराण्याच्या थडग्यावरील एक नाव काढणे. आमच्याकडे एका घराण्याच्या सगळ्यांच्या अस्थी एकाच थडग्यात ठेवतात; त्यावर नाव घालण्याची बिले मी पुष्कळ पाहिली आहेत. काढण्याचे हे पहिलेच. नाव शुन्साकुचे होते, आणि शुन्साकु जिवंत होता.

बिल माझ्याकडे आले, कारण उराकावांचे, कागदावर सहीबरोबर मारायच्या नावाच्या शिक्क्यांचे दुकान बंद करण्याचा हिशेब माझ्याकडे होता. गावच्या व्यापारी संघाच्या कचेरीत बसून छोट्या दुकानांच्या वह्या पाहणे हेच काम मी आयुष्यभर केले. उराकावांच्या वह्या पहिल्यापासून माझ्याकडे.

शुन्साकु या दुकानात आला १९८८ साली, तिशीत. तेव्हा त्याचे आडनाव नागातोमी होते. फुकुओकाला शिक्के कोरायला शिकलेला, बोलायला कमी. दुकानाचा मालक किइची त्याच्याच वयाचा, पाच महिन्यांनी मोठा, गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून एकाच्या जागी दोन शिक्के विकणारा. किइची पुढे गल्ल्यावर, शुन्साकु मागे खिडकीशी. वर दोन खोल्या, तिथे किइचीची आई हात्सु. वर्षभरात शुन्साकु भाड्याची खोली सोडून वर राहायला आला. मासेवाली तेव्हापासून तिघांचा एकच पुडा बांधू लागली, आणि गावाने तेवढ्यावरून काय ते समजून घेतले.

१९९६ साली किइचीचे अपेंडिक्स फुटले. इस्पितळात शुन्साकुला दाराबाहेर उभे केले. "नातेवाईक कोण?" म्हणून विचारले, त्याला उत्तर देता आले नाही. त्यानंतर दोघांनी दत्तकाचा कागद केला. दोन पुरुषांचे लग्न आमच्याकडे नोंदवता येत नाही. पण एका दिवसाने का होईना, मोठा असलेला माणूस लहानाला दत्तक घेऊ शकतो. दोन साक्षीदार लागतात. एक हात्सुबाई, दुसरा मी. अशा रीतीने अडतीस वर्षांच्या माणसाला अडतीस वर्षांचा बाप मिळाला.

मासेवालीला ही पर्वणीच होती. "काय रे बाळ, बाबांनी पाठवलं का?" ती शुन्साकुला भर बाजारात विचारायची. तोही मान खाली घालून म्हणायचा, "हो. बाबा म्हणाले, काल मावशीनं शिळं दिलं." नव्या वर्षाला लहान मुलांना पाकिटातून पैसे देतात, तसे किइची त्याला दरवर्षी पाचशेचे नाणे द्यायचा. ती सगळी नाणी शुन्साकुने एका चहाच्या डब्यात ठेवली होती. खर्च केली नाहीत.

दत्तकाच्या आठवड्यात त्याने पिवळसर लाकडाचा 'उराकावा' असा एक शिक्का कोरला. मी म्हटले, दोघांना दोन हवेत. तो म्हणाला, "एका घराला एक पुरे."

आडनाव बदलले त्या दिवशी त्याच्या सख्ख्या भावाचा फोन आला होता. भाऊ एवढेच म्हणाला, "मेल्यावर तुला इकडं आणू नका म्हणून सांगून ठेव. आमच्या थडग्यात उराकावांना जागा नाही." शुन्साकुने हे मला जेवताना सांगितले आणि भात पुन्हा वाढून घेतला. पण ते त्याच्या मनात रुतून बसले असणार. कारण २००४ साली हात्सुबाई गेल्या, तेव्हा दुकान, पैसा, घर, यातल्या कशाबद्दल कधी चकार शब्द न काढणारा हा माणूस एका गोष्टीवर अडून बसला. बाईंचे नाव दगडावर घालताना शेजारी आपल्या दोघांचीही नावे घालायची. जिवंत माणसाचे नाव लाल रंगाने भरतात. तो गेला की लाल काढून टाकतात. सहसा मागे राहिलेल्या नवऱ्याचे किंवा बायकोचे घालतात. ओगुशी पाथरवटाने डोके खाजवले, पण घातले. अक्षरे शुन्साकुने स्वतः कागदावर काढून दिली. बाई जाण्यापूर्वी म्हणाल्याच होत्या, "मी पुढं होते. तुम्ही दोघं सावकाश या. पण तिथं भांडू नका, मला झोप लागत नाही."

त्यानंतर पंधरा वर्षे दर रविवारी शुन्साकु देवळामागच्या टेकडीवर जाऊन तो दगड धूत असे. आपण कुठे जाणार हे ठाऊक असलेला माणूस जसा निवांत असतो, तसा तो होता.

मे २०१९ मध्ये किइचीने मला वर बोलावले. टेबलावर चहा होता आणि कोणी पीत नव्हते. दुकान गाड्या उभ्या करायच्या जागेसाठी विकायचे ठरले होते. आजकाल शिक्के कोण कोरून घेतो? हे मला माहीत होते. पुढचे माहीत नव्हते. किइची फुकुओकाला जाणार होता. तिथे ताकुमा नावाचा कोणी होता, चाळिशीतला, दोन वर्षांपासून.

"त्याला मी दत्तक घेणार आहे," किइची म्हणाला.

"मग घ्या," शुन्साकु म्हणाला. "मी कुठं अडवलंय?"

"तू असताना घेतलं, तर तो तुझा धाकटा भाऊ होतो. तो म्हणतो, मला त्याचा भाऊ व्हायचं नाही."

"का? मी थोरला भाऊ म्हणून इतका वाईट झालो असतो?"

किइचीला हसू आले आणि मग हसल्याचा राग आला. "चेष्टा नको. दत्तक मोडायचं. कोमोरी-सान, कागद तुम्ही आणा. साक्षीला पहिल्या वेळी तुम्हीच होता."

मी शुन्साकुला म्हटले, आज सही करू नकोस. नगर कार्यालयात गुरुवारी वकील अर्धा तास फुकट बसतो, त्याला आधी विचारू.

वकील तरुण होता, सभ्य होता. त्याने सगळे ऐकून घेतले. "तुम्ही नवरा-बायको असतात, तर एकत्र कमावलेल्यातलं निम्मं मागता आलं असतं. लग्न न नोंदवता नवरा-बायकोसारखे राहिला असतात, तरी काही मागता आलं असतं. पण तुम्ही कागदावर बाप-लेक आहात. दत्तक मोडताना वाटणी नसते."

"आम्ही बाप-लेक नव्हतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे," मी म्हणालो.

"गावाला असेल. पण नोंद यांनीच केली आहे. आता कोर्टात जाऊन ती नोंद खोटी होती म्हणायचं, तर वर्षं जातील आणि निकाल काय लागेल सांगता येत नाही."

"दुकानात केलेल्या कामाचा पगार?"

"किती मिळत होता?"

याचे उत्तर माझ्याकडे होते. घरचा माणूस म्हणून, करात सूट मिळावी म्हणून, त्याचा पगार कधी लावलाच नव्हता. वकिलाने मान हलवली. मग म्हणाला, "सही न करण्याचा हक्क मात्र तुमचा आहे. सही केली नाहीत तर तुम्ही वारस राहता. आणि हो, उद्या कायदा बदलला, तरी एकदा दत्तकाचं नातं झालेल्यांना आपसात लग्न करता येत नाही. मोडल्यावरसुद्धा."

"ते बरंय," शुन्साकु म्हणाला. "त्याच्याशी लग्न करायला कोण बसलंय आता?"

बाहेर आल्यावर मी त्याला बजावले, सही करू नकोस, वारसाहक्क हीच तुझ्या हातातली एक गोष्ट आहे. तो चालता चालता म्हणाला, "कोमोरी-सान, वारस म्हणजे काय? तो आधी मेला पाहिजे. मी त्याच्या मरणाची वाट पाहत बसू? मला दुकान नको. दगडावरचं नाव तेवढं राहू दे."

त्याने किइचीला तेवढेच मागितले. किइची लगेच हो म्हणाला. इतके स्वस्तात सुटू असे त्याला वाटले नसावे. "आईशेजारी तू हवासच. तिची सेवा तू केलीस." मी म्हटले, हे लिहून द्या. शुन्साकुनेच मला थांबवले. "नको. एका कागदानं मुलगा केलं, दुसऱ्यानं तेही राहणार नाही. तिसरा कागद नको."

जूनच्या पहिल्या सोमवारी आम्ही तिघे नगर कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईने कागद पाहिला आणि परत सरकवला. "दोघांचा शिक्का एकच आहे. आडनाव एक असलं तरी दोघांचे शिक्के वेगळे लागतात. नाहीतर एकानंच दोन्हीकडे मारला असं होतं."

"घरात एकच आहे," किइची म्हणाला.

बाईने वर पाहिले. "तुमचं शिक्क्यांचं दुकान ना?"

आम्ही दुकानात परत आलो. दर्शनी फिरत्या मांडणीवर गावातल्या सगळ्या आडनावांचे तयार शिक्के होते. उराकावा नव्हते, आपल्याच दुकानात आपले आडनाव कोण ठेवतो? शुन्साकुने दिवा लावला, लाकडाचा एक तुकडा चिमट्यात धरला आणि कोरायला बसला. किइची दारात सिगारेट ओढत होता. एकदा आत डोकावून म्हणाला, "साधाच कर. एकदाच मारायचाय." शुन्साकुने साधा केला नाही. कडा घासल्या, भुसा फुंकला, चिठोऱ्यावर ठसा मारून पाहिला, एक रेघ जाड वाटली ती पुन्हा बारीक केली. मग उठला आणि नवा शिक्का किइचीच्या हातात दिला. "हा तुमचा. जुना माझ्याकडे राहू दे."

कागद मंजूर झाला. बाईने सांगितले, इतकी वर्षे झाल्यामुळे हवे तर आडनाव ठेवता येईल, तीन महिन्यांत अर्ज करा. नागातोमींच्या घरी तर जागा नव्हतीच. त्याने अर्ज केला. तो अजून उराकावाच आहे.

स्टेशनमागे त्याने एक खोली घेतली आणि बाजारात किल्ल्या करून देणाऱ्या टपरीवर काम धरले. रविवारी टेकडीवर जाणे चालू होते.

नोव्हेंबरमध्ये ते बिल आले, तेव्हा मी किइचीला फोन लावला.

"ताकुमा आईच्या स्मृतिदिनाला आला होता," तो म्हणाला. "त्यानं लाल नाव पाहिलं. म्हणाला, त्या माणसाबरोबर मी आत जाणार नाही."

"तुम्ही शब्द दिला होता."

"लिहिलं होतं का कुठं?"

मी बिल पुढे ओढले.

"कोमोरी-सान, तुम्ही हिशेबाचा माणूस. दगड माझ्या नावावर. शुन्साकु माझ्या घरच्या नोंदीत नाही. मग दगडावर कसा राहील? त्याचं आडनाव तेच आहे, म्हणून घरचा होत नाही ना?"

संध्याकाळी मी टपरीवर गेलो. शुन्साकुला दगड पाहून कळू नये, माझ्याकडून कळावे, असे वाटले. तो एका बाईची किल्ली घासत होता. ती गेल्यावर म्हणाला, "मला माहीत आहे. काम हातात घेण्याआधी ओगुशीचा फोन आला होता. म्हणाला, अक्षरं तुझी आहेत, मोडू का?"

"मग?"

"म्हटलं, मोड. पण अर्धवट ठेवू नकोस. आणि हात्सुबाईंचं नाव शेजारीच आहे, त्याला छिन्नी लागू देऊ नकोस."

"आता तुझं काय?"

"नगर कार्यालयाची सामाईक जागा आहे ना, ज्यांच्या अस्थी कोणीच न्यायला येत नाही त्यांच्यासाठी. चौकशी केली. अर्ज नातेवाइकानं करायचा असतो म्हणाले." तो हसला. "नातेवाईक नसेल तर तेच नेतात. म्हणजे सोयच झाली."

मी अर्ज करतो म्हणालो. त्याने यंत्र पुसले, दिवा बंद केला. "तुम्ही माझे कोण, असं विचारतील. काय लिहाल?"

साक्षीदाराचा रकाना त्या अर्जात नाही.

पुढच्या रविवारी मी एकटाच टेकडीवर गेलो. ओगुशीने नाव खोल घासून काढले होते. तिथे हाताच्या पंजाएवढा खड्डा होता, बाकी दगडापेक्षा पांढरा. हात्सुबाईंचे नाव शाबूत होते. दगड धुतलेला होता. पाणी अजून सुकले नव्हते.

किइचीने तीस हजार येन पाठवले. उरलेल्यांबद्दल त्याचे म्हणणे, लाल रंग भरण्याचा हट्ट शुन्साकुचा होता, तेव्हा तेवढे त्याच्याकडून घ्यावेत. मी शुन्साकुकडे मागितले नाहीत. ओगुशीने मला दोनदा आठवण करून दिली. त्याचे आठ हजार पाचशे येन अजून येणे आहेत.